पुढं एक नाव

वीजखात्यात नोकरी केलेल्या माणसाला लोक लग्नात, मयतीत, एसटीच्या रांगेत एकच प्रश्न विचारतात, "शॉक कितीदा बसला हो तुम्हाला?" मी सांगतो, एकदाच, आणि तोही टेलिफोनमधून. लोक हसतात. टेलिफोनच्या तारेत करंट उतरला असेल असं त्यांना वाटतं. मी फारसं समजावून सांगत बसत नाही, कारण सांगायला बसलं की चहा गार होतो आणि ऐकणारा घड्याळाकडं पाहायला लागतो. या अंकाच्या संपादकांनी मात्र "सावकाश लिहा" म्हटलं आहे, तेव्हा आज सावकाश सांगतो.

मी अकोल्याच्या सबस्टेशनात ऑपरेटर होतो. गाव माझं बडनेरा, वडील रेल्वेत खलाशी. यार्डात गाड्या या रुळावरून त्या रुळावर कशा घेतात हे पाहत मी मोठा झालो, म्हणून सबस्टेशनचं काम मला पहिल्याच दिवशी ओळखीचं वाटलं. लांबून मोठ्या तारांनी वीज येते, ती इथं उतरवून घ्यायची आणि गावोगावच्या लाइनांवर वाटून द्यायची. फरक इतकाच की गाडी दिसते, ऐकू येते, धूर सोडते. वीज काहीच करत नाही. तार मेलेली असो की जिवंत, दिसायला सारखीच. तिच्यावर पाखरू बसलेलं असतं आणि खाली गाय रवंथ करत असते.

हे न दिसणं मला कधी सवयीचं झालं नाही. सुरुवातीला मी भारावून जायचो तसाच निवृत्तीच्या दिवसापर्यंत भारावून जात राहिलो, आणि त्याची मला लाज वाटत नाही. आमचं सबस्टेशन गावाबाहेर अमरावतीच्या रस्त्याला, चारी बाजूंना काळी माती आणि कपाशी. मधोमध ट्रान्सफॉर्मर एका सुरात घुमत उभा. रस्त्यानं जाणारी माणसं कुंपणाशी थांबून तो आवाज ऐकत. एका म्हातारबुवांनी मला विचारलं होतं, "काय जी, एवढी मोठी जागा, एवढा आवाज, अन् आत कोणीच नाही. मंग हे बोलून कोण राहिलं?" मलाही तोच प्रश्न पडत असे.

ज्या दिवशी त्या म्हातारबुवांच्या गावात पहिल्यांदा वीज पोचली, त्या दिवशी मी मुद्दाम सुट्टी घेऊन गेलो होतो. ग्रामपंचायतीसमोर एक बल्ब लागला. बायकांनी नेहमीच्या सवयीनं दिव्याला हात जोडले, आणि पाठोपाठ पुरुषांनीही. म्हातारबुवांनी तर आधी वहाणा काढल्या. मी गर्दीत मागं उभा होतो. त्या बल्बचं एक टोक आपल्या स्विचबोर्डापाशी आहे, हा विचार मनातून जाईना.

आता कामाची गोष्ट. स्विच कधी चालू करायचा आणि कधी बंद करायचा हे ऑपरेटर स्वतः ठरवत नाही. ते अमरावतीचं कंट्रोल ठरवायचं. कंट्रोलमध्ये एक इंजिनियर साहेब बसत, त्यांच्यासमोर सगळ्या वऱ्हाडाच्या लाइनांचा नकाशा, आणि हाताशी टेलिफोन. ते फोनवर हुकूम देत, आम्ही तो जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा, त्यांनी "बरोबर" म्हटलं की मगच हात हलवायचा. आमच्या काळी कंट्रोलला आगाशे साहेब होते. पुण्याकडचे, सडपातळ, आवाज बारीक पण स्वच्छ. मी त्यांना नोकरीत रुजू होताना एकदा पाहिलं होतं, त्यानंतर वर्षानुवर्षं फक्त ऐकलं. माझ्या डोक्यात आगाशे साहेब म्हणजे काळ्या टेलिफोनच्या आत राहणारा माणूस.

हुकुमाचा साचा त्यांनी ठरवून दिला होता. आधी लाइनचं नाव, मग स्विचचा नंबर, मग काय करायचं ते, आणि त्यानंतर त्या कामाला लागेल ते. लाइन चालू-बंद करायला पुढं काही लागत नाही. पाटी लावायला, काढायला किंवा तिची मुदत वाढवायला पुढं एक नाव लागतं. बस्स. "जरा तेवढं बघून घ्या", "नेहमीचंच करा" ही भाषा कंट्रोलच्या फोनवर बंद.

पाटी म्हणजे काय ते सांगायला हवं. लाइनमनची टोळी खांबावर चढायची असली की लाइन बंद करून त्या स्विचच्या मुठीला टिनाची लाल पाटी अडकवत. तिच्यावर टोळीच्या मुख्य माणसाचं नाव. ती पाटी मुठीवर आहे तोवर मंत्री आला तरी स्विचला हात लावायचा नाही. एका लाइनवर दोन टोळ्या असल्या तर दोन पाट्या. काम संपलं की टोळीचा माणूस जवळच्या रेल्वे स्टेशनावरून कंट्रोलला फोन करी, नाहीतर स्वतः सबस्टेशनात येऊन तसं सांगे. मग कंट्रोल आम्हाला पाटी काढायचा हुकूम देई. पाटी निघाल्यावर लाइन चालू करायचा हुकूम वेगळा.

साचा सोपा होता. अवघड होतं ते साच्यात न बसलेला हुकूम परत कसा करायचा ते. कारण फोनवरचा माणूस आपला वरिष्ठ, घाईत, आणि आपण वऱ्हाडी. आमच्याकडं समोरच्याचं अर्धं बोलणं आपण पूर्ण करणं ही रीत आहे, त्याला माणुसकी म्हणतात. पाहुणा "जरा पाणी" म्हणाला की आम्ही जेवायला वाढतो.

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात साहेबांचा फोन आला. "अमरावती लाइन, बंद करा."

मी तत्परतेनं म्हणालो, "स्विच तीन ना, साहेब?"

साहेब शांतपणे म्हणाले, "तायडे, मी मुद्दाम नंबर गाळला होता. तुम्ही मला उत्तर सुचवलंत. मी दमलेला असेन, दुसऱ्याच विचारात असेन, तर मी 'हो' म्हणेन. मग हुकूम माझा उरत नाही आणि तुमचाही नसतो. तो कुणाचाच नसतो."

"मग काय म्हणू, साहेब?"

"माझ्या हुकुमातलं जेवढं साच्यात बसतंय तेवढं तसंच परत म्हणा, आणि पुढं काय यायला हवं तेवढं सांगा. हुकूम अपुरा आहे. अमरावती लाइन, पुढं एक स्विच नंबर, पुढं काम. एवढंच. नंबर तुम्ही सांगायचा नाही. मी चुकलो असंही म्हणायचं नाही."

"का, साहेब?"

"चुकलात म्हटलं की माणूस आधी स्वतःची बाजू मांडतो. साचा सांगितला की तो मुकाट्यानं आपला हुकूम तपासतो."

तेव्हा मला हे सगळं पुणेरी खोड वाटलं होतं. एवढं सोवळं कशाला, असं मी आमच्या लाइनमन नामदेव गवईला म्हणालोसुद्धा.

आणखी एक गोष्ट साहेब सांगत आणि ती मला बरीच वर्षं पटली नव्हती. हुकुमात एखादी गोष्ट जास्त आली तरी तो परत करायचा. कमी आलं तर समजू शकतो, पण जास्त आलं तर काय बिघडलं? घ्यावं हवं ते आणि बाकीचं सोडावं. साहेब म्हणत, "कमी आलं तर सांगणारा विसरलाय. जास्त आलं तर दोन हुकूम एकमेकांत शिरलेत. विसरलेला माणूस परवडला, तायडे."

पण करता करता ती भाषा अशी अंगात मुरली की घरीसुद्धा सुटेना. एकदा मंडळी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "त्या फळीवरचं ते द्या बरं मले."

मी म्हणालो, "हुकूम अपुरा आहे. त्या फळीवरचं, पुढं एक वस्तू."

"पुढं एक लाटणं," ती म्हणाली. "चालीन काय?"

तसाच आमच्या टॉकीजचा मॅनेजर. लाइन गेली की त्याचा फोन ठरलेला. एकदा तो कळवळून ओरडला, "बाबू, चालू करा न लवकर! पब्लिक खुर्च्या तोडून राहिली!" आणि मी सवयीनं, "हुकूम अपुरा आहे" म्हणून गेलो. "हुकूम नाही बाप्पा, विनंती हाय, विनंती!" तो म्हणाला. "हिरोइनचं लगन तं लागू द्या, मंग बंद करा पायजे तेवढं." तिचं लग्न त्या दिवशी बरंच लांबलं.

आता नामदेव. नामदेव गवई आमच्या टोळीचा मुख्य लाइनमन. काळा, उंच, हसला की आधी डोळे हसायचे. खांबावर तो जिना चढावा तसा चढायचा. तार बंद झाली असं सगळ्यांनी सांगितल्यावरही तो आधी तारेवर जमिनीला जोडलेली साखळी टाकायचा, म्हणजे चुकून वीज आलीच तर ती जमिनीत उतरावी, मग बोटांच्या उलट्या बाजूनं तारेला शिवून पाहायचा. सरळ हातानं धरली आणि तार जिवंत निघाली तर मूठ आवळते आणि सुटत नाही, हे त्यानं मला सांगितलं. तो मोठेपणी, रात्रीच्या वर्गात लिहायला शिकला होता. त्याची लाल पाटी त्यानं स्वतःच्या हातानं रंगवली होती. 'गवई' ही तीन अक्षरं जरा वर चढत गेलेली, आणि 'ई'ची वरची रेघ पार पाटीच्या काठापर्यंत. टोळी घेऊन निघण्याआधी तो स्विचपाशी यायचा, मी पाटी अडकवली की ती एकदा बोटानं हलवून पाहायचा आणि म्हणायचा, "मायं नाव सांभाळजा, तायडेभाऊ."

आमच्या फोनवरच्या बोलण्याची तो टर उडवायचा. "तुमी दोघंय पोपट हावो. एक इकडून बोलते, एक तिकडून. साधं बोलाले पैसे पडतात काय?"

मी म्हणायचो, "तुझ्यासाठीच बोलतो रे बाबा."

"मायासाठी बोलता तं चार शब्द गोड बोला न!"

उन्हाळ्याचे दिवस होते. अकोला-अमरावती लाइनचं काम निघालं आणि सकाळी दोन टोळ्या गेल्या. वानखडेची टोळी तिकडं कुरूमजवळ, नामदेवची इकडं बोरगावजवळ. स्विच तीन बंद केला, दोन्ही पाट्या मुठीला अडकवल्या. नामदेवनं आपली हलवून पाहिली आणि नेहमीचं वाक्य म्हणून तो गेला. त्या दिवशी अर्धी अमरावती आमच्या या लाइनच्या भरवशावर होती. दिवेलागणीच्या आत लाइन चालू व्हायला हवी असं वरून सांगणं होतं. दुपारपासून कंट्रोलला लोकांचे फोन सुरू झाले असणार, कारण साहेबांचा आवाज मला प्रत्येक वेळी थोडा अधिक बारीक ऐकू येत होता.

उन्हं कलायला लागली तेव्हा फोन वाजला.

"अकोला. अमरावती लाइन, स्विच तीन, पाटी काढा, वानखडे, गवई."

मला आनंदच झाला, हे आधी सांगतो. दोन्ही टोळ्या उतरल्या, आता लाइन चालू होईल, साहेब सुटतील आणि मीही. माझा मोकळा हात मुठीकडं गेलासुद्धा. दोन्ही पाट्या मुठीच्या एकाच आकड्याला होत्या, एका झटक्यात निघाल्या असत्या. मनात कसलीही शंका नव्हती. पण हुकूम परत म्हणून दाखवायचा असतो, म्हणून मी तोंड उघडलं, आणि तोंडातून जे आलं ते मी ठरवून म्हटलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या सवयीनं ते म्हटलं.

"साहेब, हुकुमात जास्तीचं आहे. अमरावती लाइन, स्विच तीन, पाटी काढा, पुढं एक नाव."

म्हटल्यावर मात्र मी घाबरलो. ज्यांनी मला हे वाक्य शिकवलं त्यांनाच मी ते ऐकवलं होतं. आता साहेब म्हणतील, कळतं मला तायडे, दोन पाट्या तर आहेत, काढा दोन्ही, वेळ कुठं आहे? तसं म्हणाले असते तर मी काय केलं असतं हे मला आजही सांगता येत नाही.

फोनमध्ये नुसती तारेची खरखर. मी रिसीव्हर कानाला इतका दाबून धरला होता की कान दुखायला लागला. मग साहेबांचा आवाज आला, पण तो ओळखूच येईना.

"हुकूम परत घेतो."

"बरोबर, साहेब. हुकूम परत घेतला."

"नवीन हुकूम. अमरावती लाइन, स्विच तीन, पाटी काढा, वानखडे."

मी म्हणून दाखवला. ते "बरोबर" म्हणाले. मी वानखडेची पाटी काढली आणि रिसीव्हर परत कानाला लावला.

"दुसरा हुकूम," साहेब म्हणाले. "अमरावती लाइन, स्विच तीन, मुदत वाढवा, गवई."

मला शॉक बसला तो इथं. मुदत वाढवा म्हणजे नामदेव अजून वर आहे. मी समोर पाहिलं, मुठीला एकच पाटी राहिली होती, ती वर चढत गेलेल्या अक्षरांची, आणि माझा हात तिच्यापासून वीतभर अंतरावर होता.

झालं होतं ते असं. साहेबांकडं दोन फोन जवळजवळ एकाच वेळी आले होते. कुरूमहून वानखडेचा, काम संपलं म्हणून. बोरगावहून नामदेवचा, काम संपत आलं होतं, टोळीनं साखळीही काढून घेतली होती, पण उतरता उतरता त्याला तार ज्यावर बसवतात तो एक चिनी मातीचा कप तडकलेला दिसला, तो बदलायला परत चढतो, वेळ वाढवून द्या. दोन्ही निरोप साहेबांनी नीट ऐकले होते. दोन्ही मला सांगायला फोन उचलला, आणि थकलेल्या माणसाच्या तोंडून दोन्ही एका दमात बाहेर पडले. मधला "मुदत वाढवा" तेवढा गळला. दोन हुकूम एकमेकांत शिरले होते, अगदी साहेब म्हणत तसेच.

मी शहाणा होतो म्हणून हे टळलं असं कुणी समजू नये. मला काही म्हणजे काही कळलेलं नव्हतं. नामदेव कुठं आहे, कप कुठला, साखळी कधी निघाली, यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक असायची गरजही नव्हती. एका नावाच्या जागी दोन नावं आली एवढंच मी बोललो. या गोष्टीचा विचार केला की अजून अंगावर काटा येतो. आम्ही किती हुशार, किती प्रेमळ, हे सगळं त्या घटकेला निरुपयोगी होतं. उलट माझं नामदेववरचं प्रेमच त्या पाटीकडं धावलं होतं. त्याला वाचवलं ते एका रटाळ वाक्यानं, जे कुणीतरी विचार करून बनवलं होतं आणि मला पोपटासारखं घोकायला लावलं होतं.

साहेबांना मी पुढं कधीतरी विचारणार होतो, हे वाक्य तुम्हाला कुणी शिकवलं, कुठं शिकलात, काय पाहून शिकलात. काही वाईट न पाहिलेल्या माणसानं सहज बनवावं असं ते नव्हतं. पण त्यांची बदली झाली, मग ते निवृत्त झाले, मग ते गेल्याची बातमी कुणीतरी सांगितली. माझं विचारणं राहूनच गेलं, याची रुखरुख आहे.

त्या दिवशी दिवेलागणीला टोळीचा ट्रक सबस्टेशनच्या फाटकाशी येऊन थांबला. काम संपल्यावर नामदेवनं बोरगावहून पुन्हा फोन केला नव्हता. सगळ्यांची घरं अकोल्यातच, तेव्हा जाता जाता स्वतःच सांगू, असा त्याचा हिशेब. अंगावर धूळ, हातात तो तडकलेला कप.

"पाहा तायडेभाऊ," तो आत येत म्हणाला, "हा केसावानी तडा. खालून दिसेच ना. म्हटलं आता साखळी परत कोण टाकते, दोन मिनटाचं काम, चढलो तसाच."

त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"काहून जी? तब्येत बरी नाही काय?"

मी त्याला सांगितलं. साहेबांनी काय म्हटलं, मी काय म्हटलं, माझा हात कुठं होता, सगळं. तो ऐकत गेला. हातातला कप त्यानं हळूच टेबलावर ठेवला. मग स्विचपाशी जाऊन उभा राहिला आणि आपल्या पाटीकडं पाहत राहिला. बोटानं हलवली नाही. तिच्याकडंच पाहत म्हणाला, "आता तं मी खाली हावो. काढू काय मी हे?"

"नाही," मी म्हणालो. "हुकूम यायचा आहे."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी तो हसला असता. त्या दिवशी तो म्हणाला, "हो जी, बरोबर हाय," आणि स्टूल ओढून पाटीच्या खाली बसला.

मी कंट्रोलला कळवलं, गवई स्वतः हजर, टोळी उतरली, काम संपलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. बाहेर अंधारून येत होतं. मग फोन वाजला.

"अकोला. अमरावती लाइन, स्विच तीन, पाटी काढा, गवई..." साहेब थांबले. मग घाईघाईनं म्हणाले, "तो तुमच्या समोर आहे का? डोळ्यांनी दिसतोय का तुम्हाला?"

मला फार वाटलं हो म्हणावं. समोर स्टुलावर नामदेव बसला होता, हे सांगायला एक शब्द पुरला असता. पण हुकूम अजून पुरा झाला नव्हता. मी म्हणालो, "साहेब, हुकुमात जास्तीचं आहे. अमरावती लाइन, स्विच तीन, पाटी काढा, पुढं एक नाव."

तिकडून मोठा श्वास ऐकू आला.

"जास्तीचं आहे," साहेब म्हणाले. "परत घेतो. अमरावती लाइन, स्विच तीन, पाटी काढा, गवई."

मी एकेक शब्द म्हणून दाखवला. नामदेव उठून उभा राहिला होता. पाटी काढायच्या हुकुमाच्या शेवटी आपलं नाव येताना त्यानं आजवर कधी ऐकलं नव्हतं, कारण ते यायच्या वेळी तो नेहमी रस्त्यात असायचा. साहेब "बरोबर" म्हणाले. मी पाटी काढली, त्याच्या हातात दिली, आणि दुसऱ्या हातात टेलिफोन दिला.

त्यानं रिसीव्हर उलटा धरला होता, तो मी सरळ करून दिला. तो माझ्याकडं पाहत होता, पाटीकडं पाहत होता.

"साहेब," तो शेवटी म्हणाला, "मी गवई. उभा हावो."

तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही आणि नामदेवनं कधी सांगितलं नाही. त्यानं फोन ठेवला. लाइन चालू करायचा हुकूम वेगळा असतो आणि तो द्यायचं साहेब साफ विसरले होते. अर्धी अमरावती अंधारात होती. मी आठवण करून द्यायला फोन उचलला, आणि तसाच खाली ठेवला. त्यांना थोडा वेळ द्यावा असं वाटलं. पुन्हा घंटी वाजेपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो, आणि नामदेवनं ती पाटी मांडीवर उपडी ठेवून तिच्यावर हात ठेवला होता.